‘इन्कम टॅक्स बेकायदा आहे’ म्हणणाऱ्यांना मंडळाचं व्यासपीठ देऊ नका : अमेरिकेतल्या महाराष्ट्र मंडळांच्या कार्यकारिणींना खुले पत्र

सप्रेम नमस्कार.

मी न्यू जर्सीत टॅक्सचं काम करते. एनरोल्ड एजंट म्हणून आयआरएससमोर, म्हणजे अमेरिकेच्या केंद्रीय करखात्यासमोर, करदात्याची बाजू मांडायचा परवाना माझ्याकडे आहे. माझ्याकडे येणारे बहुतेक आपलेच लोक आहेत : पुण्या-नाशकाहून, कोल्हापूर-नागपूरहून आलेले, मंडळाच्या गणपतीत ढोल वाजवणारे, दिवाळीच्या फराळाची ऑर्डर मंडळातच देणारे. मंडळावर त्यांचा विश्वास आहे, आणि म्हणूनच हे पत्र तुम्हाला लिहिते आहे, त्यांना नव्हे.

एका मंडळाच्या कार्यक्रमात ‘आर्थिक स्वातंत्र्य’ या गोंडस नावाखाली एका वक्त्याला वेळ दिला गेला. मंडळाचं नाव घेत नाही, वक्त्याचंही नाही. त्याने सांगितलं की अमेरिकेतला इन्कम टॅक्स ऐच्छिक आहे, इन्कम टॅक्सला आधार देणारी घटनेची सोळावी दुरुस्ती रीतसर मंजूर झालेलीच नाही, आणि पगार हा श्रमाचा मोबदला असल्याने ते ‘उत्पन्न’ ठरत नाही. मागच्या टेबलावर फॉर्म कसे भरायचे ते दाखवणाऱ्या फायली विकायला ठेवल्या होत्या. लोकांनी त्या विकत घेतल्या. मंडळाने बोलावलाय म्हणजे माणूस तपासून घेतला असणार, असं त्यांना वाटलं. माझ्याकडे आलेल्या एका जोडप्याने मला हेच सांगितलं.

त्या जोडप्याची फाईल त्यांच्या परवानगीने आणि ओळख पुसून तुमच्यासमोर ठेवते. दोघं आयटीत, एच-वन-बीवर, ग्रीन कार्डच्या रांगेत. कंपनीने दिलेला डब्ल्यू-टू, म्हणजे वर्षभराच्या पगाराचा आणि कापलेल्या टॅक्सचा दाखला, बाजूला ठेवून त्याच्या जागी फॉर्म ४८५२ जोडलेला. खरं तर मालकाने डब्ल्यू-टू दिलाच नाही किंवा चुकीचा दिला, तर वापरायचा हा फॉर्म. त्यात पगाराच्या रकान्यात शून्य. मुख्य रिटर्नच्या फॉर्मवर, म्हणजे १०४० वर, पगाराच्या ओळीतही शून्य. वर्षभरात कापलेला सगळा टॅक्स, सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरसकट, परत मागितलेला. खाली दोघांच्या सह्या, आणि सहीच्या वरच छापलेलं की हे सगळं खरं आहे, खोटं असल्यास शपथेवर खोटं बोलल्याची शिक्षा आम्हाला मान्य आहे. फाईलच्या सगळ्यात वर आयआरएसचं पत्र : तुमचं रिटर्न कायद्याला धरून नाही, ३० दिवसांत दुरुस्त करून पाठवा, नाहीतर बिनबुडाचं रिटर्न भरल्याबद्दल ५,००० डॉलर दंड. मुदतीत दुरुस्त रिटर्न गेलं म्हणून तो दंड टळला. पण त्या काळात त्या मुलीला जेवण जात नव्हतं. नवऱ्याशी बोलणं बंद होतं, कारण फाईल घ्यायचा हट्ट त्याचा होता.

हुशार, शिकलेली माणसं याला भुलतात कशी? त्याचं उत्तर या फसवणुकीच्या रचनेतच आहे. असं शून्याचं रिटर्न पाठवल्यावर कधीकधी खरोखरच रिफंड येतो. रिटर्न आधी यंत्रणेतून पुढे सरकतं आणि मालकाने पाठवलेल्या आकड्यांशी त्याची पडताळणी मागाहून होते. मधल्या काळात खात्यात पैसे जमा होतात, त्याचा स्क्रीनशॉट व्हॉट्सॲपवर फिरतो आणि तोच पुरावा ठरतो. पुढे नोटीस येते, पैसे व्याजासकट परत मागितले जातात, वर दंड लागतो. त्याचा स्क्रीनशॉट मात्र कुणी टाकत नाही. लाजेने माणूस गप्प बसतो, आणि फाईल विकणारा पुढच्या गावी गेलेला असतो.

आता त्याच्या दाव्यांकडे वळते. ‘सगळा मूर्खपणा आहे’ म्हणून झटकून टाकलं तर ऐकणारा म्हणतो, यांच्याकडे उत्तर नाही. उत्तर आहे, आणि ते मुळापासून सांगायला हवं.

अमेरिकेच्या मूळ घटनेत प्रत्यक्ष करांसाठी एक अट होती : असा कर राज्याराज्यांत लोकसंख्येच्या प्रमाणात वाटून बसवायचा. समजा, दोन राज्यांची लोकसंख्या सारखी आहे, पण एक श्रीमंत आणि दुसरं गरीब. दोघांकडून सारखीच रक्कम वसूल करायची म्हटली तर गरीब राज्यातल्या माणसाला कितीतरी चढ्या दराने कर भरावा लागेल. त्यामुळे प्रत्यक्ष म्हणजे नेमके कोणते कर, हा प्रश्न महत्त्वाचा ठरला. यादवी युद्धाच्या खर्चासाठी काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, पहिल्यांदा इन्कम टॅक्स बसवला, तो १८७२ पर्यंत चालला. इलिनॉयमधल्या स्प्रिंगर नावाच्या वकिलाने त्याला आव्हान दिलं. १८८१ मध्ये सुप्रीम कोर्टाने कर वैध ठरवला : हा घटनेच्या अर्थाने प्रत्यक्ष कर नाही, त्यामुळे वाटणीची अट लागू नाही.

१८९४ मध्ये काँग्रेसने पुन्हा कर आणला, ४,००० डॉलरच्या वरच्या उत्पन्नावर २ टक्के. फार्मर्स लोन अँड ट्रस्ट कंपनीचे भागधारक चार्ल्स पोलॉक यांनी आपल्याच कंपनीवर दावा लावला, की हा कर तू भरू नकोस. १८९५ च्या मे महिन्यात सुप्रीम कोर्टाने ५ विरुद्ध ४ मतांनी कायदा रद्द केला. इन्कम टॅक्सला दिलेलं हे आव्हान खरोखर जिंकलं होतं, आणि फाईल विकणारे पोलॉकचं नाव अभिमानाने घेतात. पण निकाल काय सांगतो ते वाचत नाहीत. जमिनीच्या भाड्यावर आणि शेअर-रोख्यांच्या उत्पन्नावर बसवलेला कर हा प्रत्यक्ष कर आहे, असं कोर्टाने म्हटलं. धंदा आणि नोकरीतून मिळणाऱ्या कमाईवर आपण काही भाष्य करत नाही, हे कोर्टाने स्वतःच नोंदवून ठेवलं, कारण तशा करांना पूर्वी अप्रत्यक्ष कर म्हणून मान्यता मिळालेली होती. कायद्याचे भाग एकमेकांपासून सोडवता येईनात, म्हणून सगळाच कायदा गेला. पगारावर कर लावता येत नाही असं पोलॉकच्या निकालातही नाही. आपल्या आयटीतल्या मुलाला या निकालातून एका पैचाही आधार मिळत नाही.

त्या निकालाने झालेली अडचण दूर करायला सोळावी दुरुस्ती आली. काँग्रेसने १९०९ मध्ये ती मंजूर करून राज्यांकडे पाठवली. १९१३ मध्ये ४८ राज्यं होती, ३६ ची मान्यता लागत होती, आणि ३ फेब्रुवारी १९१३ ला ती संख्या पुरी झाली. २५ फेब्रुवारीला परराष्ट्रमंत्री फिलँडर नॉक्स यांनी दुरुस्ती अमलात आल्याचं जाहीर केलं. उत्पन्न कुठल्याही मार्गाने आलेलं असो, राज्यांत वाटणी न करता आणि जनगणनेचा आधार न घेता त्यावर कर बसवायचा अधिकार काँग्रेसला असेल, असं ती सांगते.

‘दुरुस्ती मंजूरच झाली नाही’ हा दावा पसरवला तो मुख्यतः बिल बेन्सन यांनी. ते पूर्वी इलिनॉयच्या महसूल खात्यात तपासनीस होते. राज्याराज्यांच्या दप्तरखान्यांतून त्यांनी मंजुरीची कागदपत्रं गोळा केली आणि त्यातल्या चुका दाखवल्या. चुका खऱ्याच आहेत. मिसूरीच्या कागदात एक क्रियापद बदललेलं आहे, इलिनॉयच्या कागदात ‘गणना’ हवं तिथे ‘मोबदला’ असा शब्द पडलाय, वॉशिंग्टनने अनेकवचनाचं एकवचन केलंय, आणि कॅपिटल अक्षरांचा तर बराच घोळ आहे. पण हे सगळं १९१३ मध्येच नॉक्स यांच्यासमोर होतं. राज्यांकडून रीतसर आलेल्या ३७ कागदांपैकी काँग्रेसच्या मजकुराशी तंतोतंत जुळणारे फक्त चार, हे माहीत असूनच त्यांनी निर्णय दिला. नकलनविसाच्या चुकीने राज्याच्या विधिमंडळाचा निर्णय बदलत नाही. १९८६ मध्ये सातव्या सर्किटच्या (सुप्रीम कोर्टाच्या खालच्या विभागीय) अपील न्यायालयाने याच युक्तिवादाला याच पायावर नकार दिला, आणि २००९ मध्ये बेन्सन यांच्या ‘बचावाच्या पॅकेज’च्या विक्रीवर मनाई आणण्याच्या लढाईत त्याच न्यायालयाने त्यांच्याविरुद्ध निकाल दिला. ओहायो राज्य १९५३ पर्यंत रीतसर राज्यच नव्हतं, हा त्याचाच जोडदावा. नॉक्स यांच्या जाहीरनाम्यापर्यंत ३८ राज्यांची मंजुरी आली होती. ओहायो वगळलं तरी ३७ उरतात, म्हणजे लागणाऱ्या ३६ पेक्षा जास्तच.

१९१३ च्या ऑक्टोबरात नवा कायदा आला. युनियन पॅसिफिक रेल्वेचे भागधारक फ्रँक ब्रशेबर यांनी पोलॉकसारखाच दावा लावला, आणि जानेवारी १९१६ मध्ये सुप्रीम कोर्टाने तो फेटाळला. मुळात इन्कम टॅक्स वैध की अवैध, हा प्रश्न तिथे संपला. त्याला शंभर वर्षं उलटून गेली.

‘ऐच्छिक’ हा दावा सगळ्यात गोड आहे, म्हणून तो सगळ्यात जास्त विकला जातो. १९६० च्या फ्लोरा खटल्यात सुप्रीम कोर्टाचं एक वाक्य आहे, की आपली करपद्धती जप्तीवर नव्हे, तर स्वेच्छेने केलेल्या आकारणीवर आणि भरण्यावर चालते. त्याचा अर्थ एवढाच की किती कर लागतो ते सरकारने घरी येऊन ठरवण्याआधी आपण स्वतः रिटर्नमध्ये मांडतो आणि भरतो. कर द्यायचा की नाही हे आपल्या मर्जीवर आहे, असं त्यात कुठेच नाही. उलट त्याच निकालात फ्लोरा हरले. परतावा मागायला जिल्हा न्यायालयात जायचं असेल तर आधी आकारलेला सगळा टॅक्स भरून मग जा, असं कोर्टाने त्यांना सांगितलं.

बाकीच्या दाव्यांवर फार वेळ घालवत नाही. पगार हे उत्पन्न आहे हे करसंहितेच्या ६१ व्या कलमात स्वच्छ लिहिलंय. स्वतःविरुद्ध साक्ष न देण्याच्या हक्काचा आधार घेऊन रिटर्नच न भरणं चालत नाही, हे १९२७ मध्ये दारूच्या चोरट्या धंद्यातल्या सुलिव्हनच्या खटल्यात ठरलंय. फक्त परदेशी उत्पन्नच करपात्र आहे असं सांगणाऱ्या मंडळींच्या नादाने हॉलिवूडचा अभिनेता वेस्ली स्नाइप्सने रिटर्न भरणं सोडलं. गंभीर आरोपांतून तो सुटला, पण रिटर्न न भरल्याबद्दल तीन वर्षांची शिक्षा त्याला झालीच. आणि या व्यवसायातला सगळ्यात नामांकित माणूस, आयुष्यभर ‘टॅक्स भरू नका’ सांगणारा अर्विन शिफ, २०१५ मध्ये शिक्षा भोगत असतानाच वारला.

चीक याचा खटला मात्र तुम्ही सगळ्यांनी नीट समजून घ्यावा, कारण तो अशाच व्याख्यानांतून घडला. जॉन चीक अमेरिकन एअरलाइन्समध्ये वैमानिक होता. तो असल्या बैठकांना जायचा, तिथे वकील येऊन भाषणं करायचे. हळूहळू त्याला पटलं की पगार हे उत्पन्न नाही, आणि १९८० पासून त्याने रिटर्न भरणं सोडलं. १९९१ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की कायदा आपल्याला लागूच होत नाही असं एखाद्याला मनापासून वाटत असेल, ते कितीही अवाजवी असलं तरी, त्याने जाणूनबुजून गुन्हा केला का हे ठरवताना ज्यूरीने ते ऐकून घ्यावं. पण ‘कायदा मला कळलाय, मात्र तो घटनाबाह्य आहे असं माझं मत आहे’, हा बचाव होऊ शकत नाही. उलट त्यातून कायदा माहीत होता हेच सिद्ध होतं. चीकवर फेरखटला चालला आणि तो पुन्हा दोषी ठरला. आता विचार करा. मंडळाच्या कार्यक्रमात वक्ता लोकांना नेमका घटनाबाह्यतेचा युक्तिवाद शिकवतो, म्हणजे सुप्रीम कोर्टाने जो बचाव नाकारलाय तोच त्यांच्या हातात देतो.

टॅक्सचा कायदा पवित्र आहे, त्याला हात लावू नये, असं माझं म्हणणं मुळीच नाही. कायद्याला आव्हान देण्यावर माझी श्रद्धा आहे. माझ्या व्यवसायात मला सगळ्यात प्रिय असलेला खटला असाच एका साध्या माणसाचा आहे.

डेन्व्हरच्या चार्ल्स मॉरिट्झचं लग्न झालेलं नव्हतं. म्हातारी आई त्याच्याजवळ राहायची, तिचं सगळं त्याच्यावर. कामासाठी सतत फिरतीवर असल्याने आईला बघायला त्याने बाई ठेवली होती. तेव्हाच्या कायद्यात अशा खर्चाची ६०० डॉलरपर्यंत वजावट मिळत असे : कुठल्याही स्त्रीला, विधुराला, घटस्फोटिताला, बायको आजारी असलेल्या नवऱ्याला. कधीच लग्न न केलेल्या पुरुषाला मात्र नाही. आईची सेवा करणारी अविवाहित मुलगी पात्र होती, मुलगा नव्हता. आयआरएसने वजावट नाकारली, टॅक्स निघाला ३२८ डॉलर ८० सेंट. मॉरिट्झ वकील न करता टॅक्स कोर्टात स्वतः उभा राहिला आणि हरला. तो निकाल करविषयक वकील मार्टिन गिन्सबर्ग यांच्या वाचनात आला. ते तो घेऊन शेजारच्या खोलीत काम करत बसलेल्या पत्नीकडे गेले. पत्नी म्हणजे रूथ बेडर गिन्सबर्ग, पुढे सुप्रीम कोर्टाच्या न्यायमूर्ती झाल्या त्याच. नवराबायकोंनी मिळून अपील लढवलं. नोव्हेंबर १९७२ मध्ये दहाव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने निकाल दिला की हा भेदभाव केवळ स्त्री-पुरुष या फरकावर उभा आहे आणि तो घटनेत बसत नाही. मॉरिट्झला वजावट मिळाली. सरकार सुप्रीम कोर्टात गेलं तेव्हा अर्जासोबत त्याने स्त्री-पुरुष भेद करणाऱ्या केंद्रीय कायद्यांची यादीच जोडली, आणि पुढच्या अनेक लढायांसाठी ती आयती हाती आली. सुप्रीम कोर्टाने सरकारचं अपील ऐकायलाही घेतलं नाही.

मॉरिट्झने रिटर्न भरलं होतं. पगार खरा दाखवला होता. एका कलमावर बोट ठेवून तो म्हणाला, हे माझ्यावर अन्याय करतं. आव्हान द्यायचं ते असं.

आपल्या लोकांच्या जिव्हाळ्याचं दुसरं उदाहरण बिटनरचं. अलेक्झांड्रू बिटनर हा रोमेनियात वाढलेला, अमेरिकेचं नागरिकत्व घेतलेला माणूस. परत रोमेनियात राहायला गेला, तिथल्या बँकांत खाती होती, आणि परदेशी खात्यांचा अहवाल, ज्याला आपण एफबार म्हणतो, तो पाच वर्षं दिला नाही. त्याने हे मुद्दाम केलं असा सरकारचाही आरोप नव्हता. तरी पाच वर्षांतल्या खात्यांची बेरीज २७२ करून प्रत्येकी १०,००० डॉलरप्रमाणे २७ लाख २० हजार डॉलर दंड ठोठावला गेला. त्याचं म्हणणं, दंड खात्यावर नाही, अहवालावर आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने ५ विरुद्ध ४ मतांनी ते मान्य केलं, आणि दंड ५०,००० डॉलरवर आला. तुमच्यातल्या किती जणांची महाराष्ट्रात बचत खाती, मुदत ठेवी, आईबाबांच्या खात्यावर जोडलेली नावं आहेत? हा निकाल त्यांच्यासाठी आहे. त्याविषयी एकाही मंडळात व्याख्यान झाल्याचं माझ्या कानावर आलेलं नाही.

आणि मूर खटला. २०२४ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टात ‘उत्पन्न’ म्हणजे काय यावर जो सगळ्यात मोठा वाद झाला, त्याच्या मुळाशी भारतातली शेती अवजारांची कंपनी होती. बेंगळुरूची किसानक्राफ्ट, छोट्या शेतकऱ्यांना परवडतील अशी अवजारं पुरवणारी. वॉशिंग्टन राज्यातल्या चार्ल्स आणि कॅथलीन मूर या दांपत्याने २००६ मध्ये तिच्यात ४०,००० डॉलर गुंतवून १३ टक्के हिस्सा घेतला. कंपनी नफ्यात होती, पण नफा वाटत नव्हती, व्यवसायातच घालत होती. मूर यांना हातात काहीच आलं नव्हतं. २०१७ च्या कायद्याने अमेरिकी मालकीच्या परदेशी कंपन्यांत १० टक्के वा जास्त हिस्सा असलेल्या अमेरिकी भागधारकांना साचलेल्या नफ्यावर एकदाच कर लावला. मूर यांचा आकडा निघाला १४,७२९ डॉलर. तो त्यांनी आधी भरला आणि परताव्यासाठी दावा केला : पैसा हातात न पडता उत्पन्न कसं, आणि उत्पन्न नसेल तर सोळाव्या दुरुस्तीखाली कर कसा? त्यांना १९२० च्या मॅकोंबर खटल्याचा आधार होता, जिथे शेअरवर मिळालेले नुसते जादा शेअर म्हणजे उत्पन्न नव्हे, असं कोर्टाने म्हटलं होतं. जून २०२४ मध्ये ते ७ विरुद्ध २ मतांनी हरले. कंपनीने कमावलेलं उत्पन्न भागधारकांच्या नावावर मांडायचा अधिकार काँग्रेसला आहे, असं बहुमताने म्हटलं. पण उत्पन्न प्रत्यक्ष हातात पडायलाच हवं का, हा मोठा प्रश्न कोर्टाने मुद्दाम खुला ठेवला.

आपल्यातल्या कुणाचे सांगलीच्या भावाच्या, संभाजीनगरच्या मेहुण्याच्या प्रायव्हेट लिमिटेड कंपनीत शेअर असतात. नफा तिथेच राहतो, इथे एक पैसा येत नाही, आणि तरीही परदेशी कंपनीतल्या हिश्श्याची माहिती देणारा फॉर्म ५४७१ भरावा लागू शकतो, हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. मूर खटला त्यांच्या घरातला विषय आहे.

हे प्रश्न काही फक्त अमेरिकेचे नाहीत. मालमत्ता विकून झालेला भांडवली नफा हे ‘उत्पन्न’ आहे का, म्हणून मुंबईच्या नवीनचंद्र मफतलाल यांनी १९४७ च्या दुरुस्तीला आव्हान दिलं होतं. १९५४ मध्ये आपल्या सुप्रीम कोर्टाने ‘उत्पन्न’ या शब्दाला व्यापक अर्थ देऊन तो कर टिकवला. मफतलाल हरले, पण प्रश्न खरा होता आणि न्यायालयाने तो गंभीरपणे ऐकला.

आता सगळ्यात भीती वाटणारी गोष्ट. तुमच्या सभासदांत नागरिक नसलेले कितीतरी आहेत. एच-वन-बीवाले, ग्रीन कार्डवाले, नागरिकत्वाचा एन-४०० भरायच्या बेतात असलेले. त्या अर्जात रिटर्न न भरल्याबद्दल आणि थकलेल्या टॅक्सबद्दल स्पष्ट प्रश्न आहेत. आणि २०१२ मध्ये कावाशिमा खटल्यात सुप्रीम कोर्टाने ठरवलंय की जाणूनबुजून खोटं रिटर्न दिल्याचा गुन्हा शाबीत झाला आणि सरकारचं नुकसान १०,००० डॉलरहून अधिक असलं, तर इमिग्रेशनच्या कायद्याने तो असा गंभीर गुन्हा ठरतो, की ग्रीन कार्ड असलेल्या माणसालाही देशाबाहेर काढता येतं. कावाशिमा नवराबायको जपानी होते, रेस्टॉरंट चालवायचे, बरीच वर्षं कायदेशीर रहिवासी होते. एका आयटीतल्या पगारावर शून्य दाखवलं तर १०,००० डॉलरचा आकडा दोन वर्षांतही ओलांडला जाऊ शकतो. अमेरिकेत जन्मलेला माणूस हा जुगार खेळला तर त्याचे पैसे जातील, फार तर तुरुंग होईल. आपल्या मुलांची शाळा, घर, इथलं सगळं आयुष्य पणाला लागतं. व्याख्यानात हे सांगितलं गेलं नाही. फायलीतही नाही.

म्हणून माझी पहिली मागणी सरळ आहे : टॅक्सविषयी बोलायला येणारा वक्ता सीपीए (परवानाधारक लेखापाल), एनरोल्ड एजंट किंवा वकील आहे का, हे आधी विचारा, आणि परवाना तपासा. एनरोल्ड एजंट असल्याची खातरी आयआरएसकडून करून घेता येते, सीपीएची राज्याच्या परवाना देणाऱ्या मंडळाकडून. आणि कार्यक्रमात काही विकायचं असेल तर सरळ नाही म्हणा, मग तो वक्ता कुणाचाही मेहुणा असो.

दुसरी मागणी, जी मला जास्त महत्त्वाची वाटते : दरवर्षी जानेवारी-फेब्रुवारीत, डब्ल्यू-टू हातात पडायच्या सुमारास, एक खरं सत्र घ्या. विषयांची वाण नाही. भारतातल्या सगळ्या खात्यांची मिळून रक्कम वर्षात कधीही १०,००० डॉलरच्या वर गेली की एफबार द्यावा लागतो, त्याची तारीख १५ एप्रिल, आणि मागितली नाही तरी १५ ऑक्टोबरपर्यंत मुदत मिळते. पीपीएफचं व्याज भारतात करमुक्त असलं तरी इथे दाखवावं लागतं. भारतातले म्युच्युअल फंड आयआरएसच्या लेखी वेगळ्याच वर्गात मोडतात, त्यांच्यासाठी फॉर्म ८६२१. आणि आपल्या हक्काच्या गोष्टीही सांगा! भारत-अमेरिका करारातल्या २१ व्या कलमामुळे भारतीय विद्यार्थ्याला, अनिवासी असला तरी, स्टँडर्ड डिडक्शन, म्हणजे सरसकट ठरावीक वजावट, मिळतं. किती पोरं ते न घेताच रिटर्न भरतात. भारतात भरलेल्या टॅक्सची सूट इथे कशी घ्यायची तेही सांगायला हवं.

आणि आयआरएसचं चुकलं असं वाटलं तर काय करायचं, हे सगळ्यांत आधी सांगा. टॅक्स कमी भरल्याची वैधानिक नोटीस आली की ९० दिवसांत टॅक्स कोर्टात अर्ज करता येतो, परदेशात असाल तर १५० दिवसांत. आधी टॅक्स भरावा लागत नाही. अर्जाची फी ६० डॉलर. वादाची रक्कम वर्षाला ५०,००० डॉलरपर्यंत असेल तर साध्या पद्धतीने, वकिलाशिवायही सुनावणी होते, फक्त त्या निकालावर अपील नाही. उत्पन्न बेताचं असणाऱ्यांसाठी ठिकठिकाणी विधी महाविद्यालयांतून करदात्यांची क्लिनिकं चालतात, आयआरएसमध्येच टॅक्सपेअर ॲडव्होकेटचं स्वतंत्र कार्यालय आहे. मॉरिट्झ ज्या दारातून आत गेला ते दार अजून उघडं आहे. पण ९० दिवस म्हणजे ९०. एक दिवस उशीर झाला तरी सहसा तो रस्ता बंद होतो, मग आधी भरा नि मागाहून भांडा.

तुमच्या मंडळात ती फाईल विकत घेतलेले लोक असतील, तर त्यांना गाठून एवढं सांगा की नोटीस यायची वाट बघू नका. रिटर्न गेलं असेल तर दुरुस्त १०४०-एक्स पाठवा, आलेला रिफंड खर्च न करता परत करा, आणि त्याआधी परवाना असलेल्या कुणाला तरी फाईल दाखवा. प्रकरण गंभीर वाटलं तर वकिलालाच दाखवा, कारण माझ्यासारख्या एजंटापेक्षा वकिलाशी बोललेलं जास्त गोपनीय राहतं. आयआरएसने तपास सुरू करण्याआधी चूक दुरुस्त केलेल्याची गोष्ट वेगळी असते.

यंदाच्या सत्रासाठी कुठल्याही मंडळाला माणूस हवा असेल तर मी येईन, मानधन नको. कार्यक्रम नाटकानंतर न ठेवता आधी ठेवा, म्हणजे लोक प्रश्न विचारायला थांबतील, आणि सोबत आपापली मागच्या वर्षीची रिटर्न्स घेऊन यायला सांगा.

आपली,
एक करसल्लागार, न्यू जर्सी